जुपिटर-८ आणि ९ सेंमी एल्मार, दोन्ही मागे फोकस करतात: दोष अडॅप्टरचा, लेन्सचा की कॅमेऱ्याचा?

पऱ्हाटी (ता. दारव्हा, जि. यवतमाळ) यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे फोइग्टलेंडर बेसा आर२ हा एम माउंटचा (लायकाच्या लेन्स-जोडाचा) रेंजफाइंडर कॅमेरा (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा) आहे आणि त्यावर मी तीन लेन्स वापरतो. ३५ मिमी एफ/२.५ कलर-स्कोपार ही मूळचीच एम माउंटची असल्यामुळे थेट बसते. उरलेल्या दोन, म्हणजे सोव्हिएत बनावटीची जुपिटर-८ (५० मिमी एफ/२) आणि मामांकडून आलेली लाइट्झची ९ सेंमी एफ/४ एल्मार, या ३९ मिमी आट्यांच्या आहेत. त्या एकाच अडॅप्टरवर (जोडकडीवर) मी आलटूनपालटून लावतो. हा अडॅप्टर स्वस्तात घेतलेला असून त्यावर कुणाचेही नाव नाही.

यंदा पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मिळून दोन रोल काढले आणि घरीच धुतले. तान्ह्या पोळ्याला मुलांचे लाकडी बैल तोरणाखाली रांगेत उभे होते. जुपिटरने, एफ/२ वर, साधारण एक मीटरवरून मी पहिल्या बैलाच्या डोळ्यावर प्रतिमा नीट जुळवली होती, पण निगेटिव्हवर डोळा मऊ आला आहे आणि त्यामागची वशिंडावरची झूल मात्र धागा न् धागा दिसते आहे. असे एकदा नव्हे, सहा फ्रेममध्ये झाले आहे. आदल्या दिवशी एल्मारने पाच मीटरवरून बाबांचा बैलजोडीसह फोटो घेतला, त्यातही बाबांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या मागे फूटभरावर उभ्या असलेल्या शेजाऱ्यांचा फेटा अधिक स्पष्ट आहे. ३५ मिमीच्या फ्रेममध्ये मला काहीच खोट दिसत नाही.

एक गोष्ट आणखी लक्षात आली. जुपिटर अनंतावर नेऊन ठेवली आणि शेजारच्या गावाच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिले, तर पॅचमधील (दर्शकाच्या मधल्या उजळ चौकोनातील) टाकी आणि बाहेरची टाकी पूर्णपणे एकमेकींवर येत नाहीत, केसभर अंतर राहते. टाकी किमान दीड किलोमीटर दूर आहे. ३५ मिमी लावली की तीच टाकी अचूक जुळते.

महिन्याला एखाद-दुसरा रोल परवडतो, त्यामुळे चाचणीसाठी फिल्म जाळायची माझी इच्छा नाही. दोष नेमका कुठे आहे, हे फिल्म न वापरता शोधता येईल का? जुपिटर दोन वर्षांपूर्वी बुरशी काढण्यासाठी शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने उघडली होती, हेही सांगून ठेवतो.

---

झूल_आणि_घुंगरू (ता. मेहकर, जि. बुलढाणा):

अडॅप्टर बदला, प्रश्न संपेल. लायकाच्या जुन्या आट्यांच्या माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिमी आणि एम माउंटचे २७.८ मिमी असते, म्हणून अडॅप्टर बरोबर १ मिमी जाडीचा असावा लागतो. नाव नसलेल्या अडॅप्टरमध्ये पाच-सात शतांश मिलिमीटरचा फरक सर्रास असतो. एफ/२ वर तेवढ्यानेच जवळचा फोकस बिघडतो. बेसावर फ्रेमच्या रेषा हाताने निवडायच्या असल्यामुळे अडॅप्टर कोणत्या फोकल लेंथसाठीचा आहे याची मात्र काळजी करू नका. ती अडचण लायकावाल्यांची.

---

जुना_फिटर (ता. आर्वी, जि. वर्धा):

पऱ्हाटी भाऊ, आपण टाकीचे निरीक्षण लिहिले नसते तर मीही अंदाजानेच बोललो असतो. अडॅप्टरवर संशय घेणे योग्य आहे, पण वरच्या उत्तरात दिलेले कारण मला पटत नाही. ५० मिमी लेन्सचा जवळचा फोकस अडॅप्टरच्या जाडीमुळे बिघडत नाही. हे विधान विचित्र वाटेल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कॅमेऱ्याच्या आत माउंटच्या वरच्या बाजूला एक छोटी चाकी असते आणि ती लेन्सच्या मागच्या कडेवर, म्हणजे कॅमवर, टेकलेली असते. कॅम पुढेमागे सरकला की चाकी सरकते आणि तिच्यामुळे पॅचमधील प्रतिमा आडवी हलते. रेंजफाइंडरला काचेतून काय दिसते याचा पत्ता नसतो. कॅम कुठे आहे, एवढेच त्याला कळते. ही सगळी रचना ५१.६ मिमी नाभीय अंतराच्या (फोकल लेंथच्या) लेन्सला धरून आखलेली आहे. त्या अंतराच्या आसपासच्या लेन्समध्ये काचा आणि कॅम एकाच नळीवर असल्याने दोन्ही सारखेच सरकतात. आता अडॅप्टर ०.०६ मिमी जाड निघाला असे समजा. काचा ०.०६ मिमी पुढे गेल्या आणि कॅमही ०.०६ मिमी पुढे गेला. काचा जवळचे पाहू लागल्या आणि रेंजफाइंडरही तेवढेच जवळचे वाचू लागला, म्हणजे दोघांचे एकमत कायम राहिले. नुकसान फक्त दोन बाबतींत होते: लेन्स अनंतापर्यंत पोहोचत नाही आणि नळीवर कोरलेले अंतराचे आकडे खोटे ठरतात. आपल्या टाकीची तक्रार नेमकी हीच आहे.

९ सेंमीच्या लेन्समध्ये मात्र काचा आणि कॅम वेगवेगळ्या गतीने चालतात. लांब नाभीय अंतरामुळे काचांना बरेच जास्त सरकावे लागते आणि कॅमला ५१.६ मिमीच्या हिशेबानेच सरकावे लागते. हे गुणोत्तर नाभीय अंतरांच्या वर्गांचे असल्याने सुमारे तीनास एक येते. कॅम ०.०६ मिमी पुढे गेल्यामुळे प्रतिमा जुळवताना आपण तो तितकाच मागे आणता, पण त्या नादात काचा ०.१८ मिमी मागे येतात. अडॅप्टरने दिलेले ०.०६ वजा केले तरी काचा ०.१२ मिमी जास्त मागे राहतात, आणि काचा मागे राहिल्या की फोकस विषयाच्या पलीकडे पडतो. पाच मीटरवर ही चूक सुमारे ३५ सेंमी भरते. शेजाऱ्यांचा फेटा तिथेच कुठेतरी असणार. ३५ मिमीला हाच हिशेब उलट्या दिशेने आणि बराच सौम्य लागतो, शिवाय ती लेन्स आपण अडॅप्टरशिवायच लावता.

म्हणून माझा अंदाज असा की आपल्याकडे दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्ही योगायोगाने एकाच दिशेला, मागे, पडतात. एल्मारचा दोष अडॅप्टरचा आहे, जुपिटरचा जवळचा दोष तिचा स्वतःचा आहे. कॅमेऱ्याला हात लावू नका. ३५ मिमीच्या फ्रेम चांगल्या आल्या एवढ्यावरून कॅमेरा निर्दोष ठरत नाही, कारण त्या लेन्सला चुका लपवायची सवय असते. परंतु दीड किलोमीटरवरील टाकी तिच्यावर अचूक जुळते, हा पुरावा मी पक्का मानतो.

अडॅप्टरची जास्तीची जाडी मायक्रोमीटरशिवायही काढता येते. जुपिटर अनंताच्या टोकाला नेऊन तशीच ठेवावी आणि विजेच्या खांबांकडे एकेक करत, दूरच्याकडून जवळच्याकडे, पाहत यावे. ज्या अंतरावरचा खांब पॅचमध्ये बरोबर जुळेल, ते अंतर टेपने मोजावे. २६६० या संख्येला त्या मिलिमीटरमधील अंतराने भागले की जाडीतला फरक मिलिमीटरमध्ये मिळतो (२६६० म्हणजे ५१.६ चा वर्ग). खांब ४५ मीटरवर जुळला तर फरक ०.०६ मिमी. एल्मारनेही हेच करावे. दोन्ही लेन्स एकाच खांबावर जुळल्या तर दोष दोघींत सामाईक असलेल्या वस्तूचा आहे, आणि ती वस्तू अडॅप्टरच आहे. वेगवेगळ्या खांबांवर जुळल्या तर मात्र माझा तर्क चुकला असे समजावे. हे काम सकाळी आठच्या आत उरकावे, कारण सध्या नऊनंतर शेतावर जी झळ उठते तिच्यात खांब नाचू लागतात आणि बेसाचा परिणामी पाया (रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांतले अंतर गुणिले दर्शकाचे मोठेपण) जेमतेम २५ मिमी असल्याने एवढा बारीक फरक डोळ्याला कळत नाही.

काचा नेमक्या कुठे फोकस करतात हे पाहायला घासलेली काच लागते. फोटोफ्रेमच्या दुकानातून २ मिमी जाडीची, ३४ मिमी रुंद आणि ५० मिमी लांब पट्टी कापून घ्यावी. ट्रॅक्टर मेकॅनिककडे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट असते, ती बोटभर घेऊन दोन काचा एकमेकींवर घासल्या की अर्ध्या तासात एक बाजू छान दुधी होते. कॅमेऱ्याची पाठ उघडून, शटर बी वर (दाबून ठेवू तितका वेळ उघडे राहते त्या खुणेवर) केबलने उघडे ठेवून, ही काच दुधी बाजू लेन्सकडे करून फिल्मच्या जागी धरावी आणि एखादी जुनी ५० मिमी लेन्स उलटी करून भिंगासारखी वापरावी. टेप किंवा बटर पेपर ताणून लावणारे पुष्कळ आहेत, पण तो मधे फुगतो आणि आपल्याला दशांश मिलिमीटरच्या गोष्टी पाहायच्या आहेत.

लक्ष्य म्हणून शेतातल्या तुराट्या उत्तम. नऊ तुराट्या एकमेकींपासून एक सेंटीमीटर मागे आणि थोड्या बाजूला अशा तिरप्या ओळीत रोवाव्यात, मधल्या तुराटीला पांढरा दोरा बांधावा आणि त्याच तुराटीवर प्रतिमा जुळवावी. तिरपी ठेवलेली मोजपट्टी रेंजफाइंडरच्या चाचणीला फसवी असते, कारण पॅचमध्ये पट्टीचा कुठला भाग जुळला हेच समजत नाही. उभी, सुटी काडी जुळली की जुळली.

---

पऱ्हाटी:

फिटरकाका, आपले उपकार मानावे तितके थोडे. कापूस वेचणीच्या धांदलीत आठ दिवस गेले, आता एकेक सांगतो.

विजेच्या खांबांची चाचणी दोनदा केली. जुपिटर अनंताच्या टोकाला असताना जो खांब जुळतो तो टेपने ४८ मीटरवर भरला, आणि एल्मारलाही तोच खांब जुळला. हिशेबाने फरक ०.०५५ मिमी येतो. त्यानंतर तालुक्याच्या लेथवाल्याकडे जाऊन अडॅप्टर मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजून घेतला, तेव्हा तीन ठिकाणी १.०६ आणि एका ठिकाणी १.०५ मिमी आले. खांबाने आणि मायक्रोमीटरने इतके सारखे उत्तर द्यावे, याचे लेथवाल्यालाही नवल वाटले.

काचेच्या बाबतीत माझी एक चूक झाली, ती इतरांसाठी लिहून ठेवतो. माझ्या बहिणीच्या महाविद्यालयातून सूक्ष्मदर्शकाची पट्टी मिळाली म्हणून मी तीच घासून उभी ठेवली. तीनही लेन्स प्रचंड पुढे फोकस करत असल्याचे दिसू लागले, अगदी ३५ मिमीसुद्धा. रात्रभर विचार केल्यावर उमगले की फिल्मच्या चौकटीला रुळांच्या दोन जोड्या असतात. फिल्म आतल्या रुळांवर टेकते, बाहेरचे रूळ दाबपट्टीसाठी असतात आणि ते आतल्यांपेक्षा किंचित उंच असतात. माझी उभी पट्टी बाहेरच्या रुळांवर बसली होती. आपण ३४ मिमी रुंदी का सांगितली होती ते तेव्हा कळले. नवी काच कापून घेतल्यावर ३५ मिमी बरोबर निघाली.

मग नागपूरच्या मित्राकडून चांगला अडॅप्टर मागवला. तो चारही ठिकाणी १.०० मिमी भरला. एल्मार आता तीन मीटरवर आणि पाच मीटरवर दोऱ्याच्या तुराटीवरच फोकस करते. (पाच मीटरसाठी तुराट्या दहा-दहा सेंटीमीटरवर रोवल्या.) जुपिटर टाकीवर पूर्ण जुळते आणि काचेवरही टाकी स्पष्ट दिसते. एक मीटरवर एफ/२ ला मात्र ती अजूनही दोऱ्याच्या मागच्या तिसऱ्या तुराटीवर, म्हणजे तीन सेंटीमीटर मागे, फोकस करते. जुन्या अडॅप्टरनेही एक मीटरवर हेच तीन सेंटीमीटर येत होते. आपण म्हणालात तसे, ५० मिमीला अडॅप्टरने काहीच फरक पडला नाही. दुरुस्तीवाल्याने उघडताना काही बिघडवले असेल का?

---

पूर्णाकाठ (ता. मूर्तिजापूर, जि. अकोला):

दुरुस्तीवाल्याला या वेळी दोष देता येणार नाही असे दिसते. त्याने आतली पातळ चकती हरवली असती किंवा हेलिकॉइडचे (फोकस फिरवायच्या नळीचे) आटे चुकीच्या जागी सुरू केले असते, तर अनंतावरही फोकस चुकला असता. आपली जुपिटर अनंतावर बरोबर आहे आणि जवळ येईल तशी मागे पडते. सोव्हिएत लेन्सच्या जन्माचीच ही खूण आहे.

जुपिटर-८ ही झाइसच्या सोनार रचनेवर बेतलेली आहे. ती रचना लुडविग बेर्टेले यांनी केली आणि १९३२ मध्ये काँटॅक्स कॅमेऱ्याबरोबर ती बाजारात आली. काँटॅक्सच्या पद्धतीत प्रमाण नाभीय अंतर सुमारे ५२.४ मिमी धरले जाते, लायकाच्या पद्धतीत ५१.६ मिमी. सोव्हिएत कॅमेऱ्यांनी लायकाचे आटे घेतले आणि लेन्स काँटॅक्सच्या वंशातल्या घेतल्या. झोर्की किंवा फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांवर त्यांचे आपापसात जमते, पण बेसा लायकाचे गणित मानतो. एक मीटरवर ५१.६ मिमीच्या लेन्सला अनंतापासून सुमारे २.९९ मिमी पुढे यावे लागते, ५२.४ मिमीच्या लेन्सला ३.०९ मिमी. रेंजफाइंडर २.९९ वरच जुळल्याचे सांगतो, काचांना ०.१ मिमी कमी पडतात आणि फोकस तीन सेंटीमीटर मागे जातो. आपली तिसरी तुराटी या हिशेबात चपखल बसते. दोन मीटरवर हीच तूट ०.०४५ मिमीच्या आत येते आणि एफ/२ ची सवलत (जितकी चूक खपून जाते ती) साधारण ०.०६ मिमी असल्याने नजरेत भरत नाही.

अनेकजण सांगतात की एफ/४ वर जा, खोली (स्पष्ट दिसणारा पट्टा) वाढते आणि चूक झाकली जाते. हा सल्ला अर्धाच खरा आहे. सोनार घराण्यातल्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर लहान केले की फोकस स्वतःच थोडा मागे सरकतो. खोली वाढते, पण ज्या बाजूला आपली चूक आधीच आहे त्याच बाजूला फोकस आणखी ढकलला जातो, त्यामुळे वाढलेल्या खोलीचा काही भाग तिथेच खर्ची पडतो. घासलेल्या काचेवर एफ/२, एफ/२.८ आणि एफ/४ असे तिन्ही वेळा तुराट्या मोजून पाहाव्यात, म्हणजे आपल्या लेन्सचा स्वभाव आपल्याला कळेल. एफ/४ ला काच अंधारी होते, म्हणून डोक्यावर घोंगडी घ्यावी लागते. जुन्या स्टुडिओवाल्यांसारखे वाटते, पण काम होते.

पुतण्याच्या मिररलेस कॅमेऱ्यावर लेन्स लावून पाहण्याचा मोह कुणाला झाला तर एवढेच सांगतो की त्याने काचा स्वच्छ आणि सरळ बसल्या आहेत की नाहीत हे कळते, कॅमबद्दल काहीच कळत नाही. शिवाय त्या कॅमेऱ्यांचे अडॅप्टर लेन्स अनंताच्या पलीकडे जावी म्हणून बहुधा मुद्दामच थोडे पातळ केलेले असतात, त्यामुळे अंतराचे आकडेही तिथे पडताळता येत नाहीत.

आता उपाय. जुपिटरचा काचांचा गड्डा नळीत जिथे टेकतो तिथे पातळ चकती असते. तिची जाडी वाढवली की काचा पुढे येतात आणि कॅम जागेवर राहतो. अडॅप्टर बदलून जे कधीच साधणार नाही ते इथे साधते. पूर्ण ०.१ मिमी वाढवले तर एक मीटर अचूक होईल, परंतु अनंताच्या टोकाला लेन्स २७ मीटरवर फोकस करू लागेल आणि दूरच्या दृश्यासाठी कायम एफ/४ किंवा त्याहून लहान अ‍ॅपर्चर ठेवावे लागेल. मी माझ्या जुपिटरमध्ये ०.०५ मिमीच वाढवले. त्यामुळे एक मीटरवर आणि अनंतावर प्रत्येकी ०.०५ मिमीची चूक उरते, आणि दोन्ही ठिकाणी ती एफ/२ च्या सवलतीत मावते. माझे बरेचसे फोटो माणसांचे असतात, म्हणून मला हा सौदा मान्य झाला. केवळ पोळ्याच्या बैलांसाठी लेन्स ठेवायची असेल तर आपण पूर्ण ०.१ मिमी घ्यावे.

---

पऱ्हाटी:

०.०५ मिमीच घेतो, कारण याच लेन्सने मी शेताचे फोटोही काढतो. तोपर्यंत एक मीटरवर प्रतिमा जुळवून तीन सेंटीमीटर मागे झुकतो आहे. काचेवर पाहिले तर ही युक्ती चालते, मात्र श्वास रोखावा लागतो. एवढी पातळ चकती मिळेल कुठे?

---

जुना_फिटर:

पूर्णाकाठ यांनी ५१.६ आणि ५२.४ चा खुलासा केला ते बरे झाले, मला तो दोष आहे एवढेच दिसत होते, कारण ठाऊक नव्हते.

स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचे तीन-चार थर एकावर एक ठेवून मायक्रोमीटरने मोजा आणि ०.०५ भरतील तितक्यांच्या कड्या धारदार ब्लेडने कापा. लेथवाल्याकडे मोटारसायकलच्या टॅपेटचे फिलर गेज असेल, त्यातले ०.०५ चे पान शेजारी ठेवून मायक्रोमीटर पडताळून घ्या. कागदाची चकती नको, पावसाळ्यात ती फुगते. मूळ चकती काढू नका, नवी तिच्यावर ठेवा. उघडण्यापूर्वी गड्डा आणि नळी यांच्यावर एकच आडवी रेघ सुईने ओढून ठेवा आणि हेलिकॉइड मुळीच सोडवू नका, या कामाला त्याची गरज नाही. गड्डा परत बसवल्यावर अ‍ॅपर्चरच्या आकड्यांची खूण थोडी बाजूला सरकलेली दिसेल. जाडी वाढल्यामुळे तसे होते. त्याने फोकसला बाधा येत नाही.

बंद केल्यावर आधी टाकी पाहा, मग तुराट्या. टाकीवर पॅच पूर्वीसारखाच जुळला पाहिजे, कारण कॅमला आपण हात लावलेला नाही. जुळला नाही तर गड्डा नव्हे, दुसरेच काहीतरी हलले आहे. अशा वेळी पुढे न जाता इथे लिहा.